ओळख पटवून घेणारे साडू

आमच्या साडूंइतका संशयी माणूस ठाणे जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यता नाही, हे मी मुलुंड चेकनाक्यापासून थेट आंबिवलीपर्यंत कुठेही उभा राहून कुणालाही सांगायला तयार आहे. चोर, पुढारी आणि बिल्डर यांच्यावर संशय घेणारे पुष्कळ असतात. त्यात कर्तबगारी ती काय? आमचे साडू समोर बसून पोहे खाणाऱ्या माणसावर संशय घेत. हा माणूस वाईट आहे असा तो संशय नव्हे, तर हा माणूस तोच आहे कशावरून, असा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी आमच्या ठाण्याच्या घरी आली होती. माझ्या चष्म्याच्या दुकानाची चौकशी झाली, पत्रिका जुळली, माझ्या आईने दुसऱ्यांदा चहा टाकला, आणि सगळं आता ठरल्यातच जमा आहे असं वाटत असताना कोपऱ्यातून एक घसा खाकरल्याचा आवाज आला. माझ्या होणाऱ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे हेच, म्हणाले, "मुलाचं काही ओळखपत्र आहे का? फोटो असलेलं?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसले नाहीत. शेवटी मी आतून ड्रायव्हिंग लायसन्स आणून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाले, "जुळतंय." माझ्या लग्नाला मिळालेला तो पहिला आशीर्वाद. तेव्हापासून आमच्याकडे आमटीत मीठ बरोबर पडलंय हे सांगायचं असलं तरी "जुळतंय" असंच म्हणतात.

या संशयाचं मूळ त्यांच्या छंदात होतं. छंद म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते त्याला 'काम' म्हणत, आणि वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात जी नोकरी करत तिला 'ते दिवसाचं' म्हणत. काम असं होतं. लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था आहे, ती फुकट मिळते आणि तिचे अनेक अवतार आहेत. त्यातला एक अवतार कुठल्याच कंपनीचा नाही; जगभरचे हौशी लोक आपापल्या घरी बसून तो चालवतात. त्यात हजारो लहानमोठे प्रोग्रॅम असतात आणि प्रत्येकाला एक सांभाळणारा असतो. प्रोग्रॅम लिहिलेला दुसऱ्याच कुणीतरी. सांभाळणाऱ्याने तो नीट बांधायचा, कुणाच्याही मशीनवर सुरळीत बसेल असा करून ठेवायचा, आजूबाजूचं काही बदललं की त्याची डागडुजी करायची आणि लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. माझ्या डोक्यात हे काही शिरेना, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, सोपं करून सांगितलं. "अहो, आमच्या सोसायटीत पंपाकडे बघणारे कुलकर्णी नाहीत का? पंप काही त्यांचा नाही, एक पैसा मिळत नाही, आणि पाणी आलं नाही की सगळी बिल्डिंग त्यांच्या दाराशी. तसंच हे." भाऊजी, म्हणजे आमचे हे साडू, असे वीसपंचवीस पंप सांभाळत होते. मूलबाळ नाही म्हणून त्यात जीव रमवतात, असं नातेवाईक म्हणत. साफ चूक. घरात दहा मुलं असती तरी या माणसाने त्यांना "थांबा रे, हे बांधून होऊ दे" असंच सांगितलं असतं.

आता ही सगळी मंडळी एकमेकांना कधी बघत नाहीत. मग अमुक दुरुस्ती अमक्यानेच पाठवली, मधल्यामध्ये कुणा भामट्याने नाही, हे कळायचं कसं? तर प्रत्येकाची कॉम्प्युटरमध्ये एक किल्ली असते आणि काहीही पाठवताना तिने सही करावी लागते. ती किल्ली त्याचीच आहे, हे आतल्याच कुणीतरी प्रत्यक्ष भेटून, सरकारी ओळखपत्र डोळ्यांनी बघून, आपल्या किल्लीने सही करून सांगायचं. एवढ्या एका रिवाजावर तो सगळा डोलारा उभा. एकदा फिनलंडचा एक साडेसहा फुटी गृहस्थ कसल्याशा कामाला मुंबईत आला आणि मुद्दाम वेळ काढून डोंबिवलीला आला. मला वाटलं, मोठी काहीतरी बैठक असणार, म्हणून दुकान बंद ठेवून मीही गेलो. फडके रोडजवळच्या एका उपाहारगृहात दोघे समोरासमोर बसले. त्याने भाऊजींचा पासपोर्ट उजेडाकडे धरून बघितला, भाऊजींनी त्याचा बघितला. "जुळतंय," भाऊजी मराठीत म्हणाले. त्यानेही आपल्या भाषेत तसंच काहीतरी म्हटलं असावं. मग दोघांनी मान खाली घालून एकेक मसाला डोसा खाल्ला, हात मिळवले आणि तो निघून गेला. "अहो, इतक्या लांबून आलेल्या माणसाशी काही बोलायचं तरी!" मी वैतागून म्हटलं. "बोलायचं काय त्यात? मेलवर रोज बोलतो की," भाऊजी म्हणाले. "आज तो आहे हे कळलं." घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

त्यांच्या सगळ्या पंपांत लाडका मात्र एकच, त्याचं नाव उधाण. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा हा छोटासा प्रोग्रॅम त्यांच्या कारखान्यातल्या उत्तनच्या मित्राने लिहिला होता. मित्राचे वडील होडी घेऊन मासेमारीला जात, आणि कॅलेंडरात छापलेली भरतीची वेळ पडली मुंबई बंदराची, ती आपल्या किनाऱ्याला लागू पडत नाही म्हणून म्हातारा रोज सकाळी कॅलेंडरवाल्यांचा उद्धार करी. बापाची कटकट थांबवायला मुलाने हिशेब बसवला आणि भाऊजींनी तो साऱ्या जगासाठी बांधून दिला. पुढच्याच वर्षी मित्राला कावीळ झाली आणि तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती. म्हाताऱ्याने होडी विकून टाकली. लिहिणारा गेला, ज्याच्यासाठी लिहिलं त्याची गरज संपली, आणि वापरणारे जगात हाताच्या बोटांवर. शहाण्या माणसाने तिथेच हात झटकले असते. भाऊजींनी पुढची वीस वर्षं उधाण चालतं ठेवलं. का, असं विचारलं की म्हणत, "त्याचं आहे. आपल्याकडे ठेवायला दिलंय."

आणि उधाण खरं बोलतं की नाही हे तपासायला हा माणूस रविवारी सकाळी डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदरच्या खाडीवर जाई. बरोबर मी, कारण ताईंचा हुकूम होता, "एकटं सोडू नका, घसरतील." तिथल्या एका दगडावर त्यांनी ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेला लागलं की घड्याळ बघायचं. समोरून कचरा तरंगत चाललाय, कारखान्यांचा तो उग्र वास नाकात बसलाय, डास पायांना फोडून खाताहेत, आणि हे सत्यनारायणाला बसल्यासारखे प्रसन्न. एकदा वेळ होऊन गेली तरी पाणी काही रेघेपर्यंत येईना. माझी भूक खवळली होती. मी म्हटलं, "चला, प्रोग्रॅम चुकला." त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "प्रोग्रॅम चुकलेला नाही, साडूबुवा. पाणी उशिरा आलंय."

परक्यांशी मात्र हा माणूस लोण्यासारखा मऊ. कॅनडातल्या कुणा गृहस्थाने एकदा पानभर शिव्या लिहून पाठवल्या, की उधाण एकही वेळ बरोबर सांगत नाही. भाऊजींचं जेवणात लक्ष लागेना. बऱ्याच पत्रापत्रीनंतर निष्पन्न झालं की तो तळ्याकाठी राहत होता. मी असतो तर त्याला त्याच तळ्यात जायला सांगितलं असतं. भाऊजींनी त्याची माफी मागितली आणि माहितीत एक वाक्य वाढवलं, की हा प्रोग्रॅम वापरण्यासाठी समुद्र आवश्यक आहे.

घरच्यांच्या वाट्याला येत ते नियम. त्यांच्या त्या लिनक्सची साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते, आणि तिच्याआधी काही महिने 'फ्रीझ' लागतो. म्हणजे नवं काही आत घ्यायचं नाही, असलेलं दुरुस्त करायचं, आणि जे वेळेत दुरुस्त होणार नाही ते सरळ बाहेर काढायचं. हा कायदा डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांनाही लागू होता. ताईंनी पडदे बदलायचं काढलं की उत्तर, "फ्रीझ चालू आहे." माझ्या बायकोने बहिणीला वाढदिवसाला मिक्सर दिला, तो फ्रीझ उठेपर्यंत खोक्यासकट कॉटखाली पडून होता, आणि ताई जुन्याच, झाकण उडणाऱ्या मिक्सरवर हात दाबून चटणी वाटत होत्या. दुसऱ्याने केलेलं परवानगीशिवाय पुढे द्यायचं नाही, हा त्यांच्या कामातला आणखी एक दंडक, त्यामुळे शेजारच्या बाईंनी अळूवड्या पाठवल्या तर "कृती कुणाची? पुढे सांगायला त्यांची हरकत नाही ना?" हे विचारल्याशिवाय घास तोंडात जात नसे. ताई म्हणत, "मला आधी कळलं असतं ना, तर मी टायपिंगच्या क्लासला दुसरी बॅच घेतली असती." दोघांची ओळख त्या क्लासातली. तेव्हा ताई कुमुद होत्या. लग्नात त्यांच्या सासूबाईंच्या हट्टापायी ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, वैशाली. आपल्या बोटातल्या अंगठीने ते लिहिलं भाऊजींनीच.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी तिशीतली बाई आली. बरीच वर्षं ती बाहेरून दुरुस्त्या पाठवत होती. आता तिला आत यायचं होतं, आणि उधाण स्वतःकडे घ्यायचं होतं. असं मागून उधाण नेणारं माणूस वीस वर्षांत पहिल्यांदा दारात आलं होतं, तेही बाकरवडीचं पाकीट घेऊन. ओळखपत्र मागितल्यावर तिने हसत आधार कार्ड पुढे केलं. भाऊजींनी चष्मा वर चढवला, कार्ड बघितलं, कागदावरचा तिच्या किल्लीचा तपशील बघितला आणि म्हणाले, "जुळत नाही. किल्ली स्वप्नालीची आहे, कार्ड आर्याचं आहे."

"काका, मी लग्नाआधीपासून काम करतेय ना, म्हणून किल्ली जुन्या नावाची. सासरी नाव बदललं, मग आधार पण अपडेट केलं."

"म्हणजे माझ्यासमोर दोन बाया आहेत. सही कुणावर करू?"

"मॅरेज सर्टिफिकेट आणलंय की. दोन्ही नावं आहेत त्यात."

"जुन्या नावाचं, फोटो असलेलं काहीतरी हवं."

तिने मोबाइलवर लग्नाचा फोटो दाखवला. मुंडावळ्यांमुळे चेहरा नीट दिसत नाही, असा त्यावर निकाल मिळाला. तेव्हा मात्र ती उठली. "मी कोण आहे ते मला माहितीय, काका. तुम्हाला पटत नसेल तर राहू दे. ठेवा तुमचं उधाण तुमच्याकडेच." ती जिना उतरून गेल्यावर ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "नाव तर माझंही बदललंय. माझ्यावर तरी सही कराल का?" भाऊजींनी त्यावर खरोखर विचार केला आणि विचारलं, "तुझी किल्ली कुठाय?"

त्यानंतर काही महिन्यांनी ते एकटेच माझ्या नौपाड्यातल्या दुकानात आले. "साडूबुवा, नंबर वाढलाय बहुतेक. स्क्रीनवरचं लागत नाही." मी त्यांना खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचली. नंबर तोच होता. मी पुन्हा तपासला, कारण मला तो वाढलेला हवा होता. "अहो, तुम्हाला तर सगळं वाचता येतंय," मी म्हटलं. "वाचता येतं," ते हळूच म्हणाले. "वाचून झालं की राहत नाही." पुढे डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, पण मला ते खुर्चीतच कळलं होतं. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मी काही ना काही भिंग देऊन घरी पाठवलं. यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यांनाही कळत होतं. एकेक पंप ते दुसऱ्यांकडे सोपवत गेले. कुणी जर्मनीतल्याने घेतला, कुणी ब्राझीलमधल्याने. उधाण मात्र कुणी घेईना. आणि नेमकं त्याच सुमाराला ते मोडलं. ज्याच्यावर ते उभं होतं त्यातलंच काहीतरी बदललं आणि उधाण बांधलं जाईना. फ्रीझ जवळ येत होता. तोवर दुरुस्त झालं नाही तर बाहेर, हा नियम घरातल्या पडद्यांनासुद्धा पाठ होता. भाऊजी रोज सकाळी अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसत. बसून दुरुस्ती करत, आणि दुसऱ्या दिवशी तीच बघून "हे कुणी घुसवलंय इथे?" म्हणत पुसून टाकत. स्वतःवर संशय घ्यायचा तेवढा राहिला होता. एकदा ताईंनी फोन करून मला एवढंच सांगितलं, "अहो, ते मोडलेलं बाहेर काढतील हो." ताईंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी कल्याणला जाऊन त्या बाईला गाठलं. माझं अर्धं बोलणं होतं न होतं तोच तिने पर्स उचलली. दुपारभर ती भाऊजींच्या शेजारी बसून राहिली, त्यांना विचारत विचारत काम करत गेली, आणि चहाच्या वेळेला उधाण पुन्हा उभं राहिलं. आता राहिली होती ती फक्त सही. त्या घरात सही करू शकणारी किल्ली एकच, भाऊजींची. त्यांनी हात पुढे केला. "ओळखपत्र?" तिने तेच कार्ड दिलं. त्यांनी कार्ड बघितलं, किल्लीवरचं नाव बघितलं. "जुळत नाही," ते म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "पण मागे भांडून गेली होती ती हीच. बाकरवडी आणली होती."

"हो काका, मीच ती."

"मग जुळतंय."

उभ्या आयुष्यात त्यांनी नियम मोडला तो एवढाच. ते सही करायला बसले. कॉम्प्युटरने परवलीचं वाक्य मागितलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं ते, आणि कुठे लिहून ठेवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, या नियमाप्रमाणे ताईंनासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. "बोटांना पाठ होतं," ते म्हणाले आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून वाट बघत बसले. आम्ही तिघंही त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं हलली नाहीत. ताईंनी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "तो विचारतोय, मी तोच आहे का," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "काय सांगू याला?"

ती दुरुस्ती शेवटी त्या फिनलंडवाल्याकडे पाठवली. तो गडी एका पायावर तयार झाला, पण तोवर फ्रीझचं दार लागलं होतं. नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात उधाण नव्हतं. पुढे त्या बाईची ओळख पुण्यातल्या कुणीतरी पटवून घेतली, मॅरेज सर्टिफिकेट बघून, हसतखेळत. आता उधाण तिच्या नावावर आहे. "पुढच्या आवृत्तीत येणार हं, काका," ती आली की सांगते, आणि भाऊजी सौजन्याने मान हलवतात. उधाण दोन वर्षांनी परत येईल. भाऊजी येणार नाहीत. याचा मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नाही.

आता ते सगळ्यांनाच ओळखपत्र मागतात. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा माझं नवं लायसन्स पुढे केलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "जुळत नाही. बसा, चहा घेऊन जा, पण जुळत नाही." मी हसलो आणि मग मला हसता येईना. ताईंचं आधार कार्ड तर त्यांनी केव्हाच नापास केलंय. "वैशाली कोण? आमच्यात वैशाली कुणी नाही," असं म्हणून मधे दोन दिवस त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नव्हता. मग ताईंनी कपाटातून त्या टायपिंग क्लासचं ओळखपत्र शोधून काढलं. कोपरे गेलेलं पिवळट कार्ड, त्यावर दोन वेण्या पुढे घेतलेली एक मुलगी आणि खाली शाईने लिहिलेलं नाव, कुमुद. रविवारी मी बसलेलो असताना ताईंनी ते त्यांच्यापुढे धरलं. माझा धंदा डोळ्यांचा आहे. त्या मुलीचं आणि समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईचं काही जुळतंय असं मला शपथेवर सांगता आलं नसतं. भाऊजींनी फोटो बघितला, ताईंना बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"जुळतंय," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "कुमुद, बरं झालं आलीस. हे उत्तनच्या मित्राचं आहे. आपल्याकडे ठेवायला दिलंय. मला आता जमत नाही. तू बघशील?"

"बघीन," ताई म्हणाल्या.

"पाणी उशिरा आलं तर याला दोष द्यायचा नाही."

"नाही देणार."

ताईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवला, आणि भाऊजींनी समाधानाने चहाचा कप तोंडाला लावला. हे आता रोजचंच; दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना ते सगळं पुन्हा ताब्यात घ्यायचं असतं, म्हणून त्यांचा डोळा लागला की ताई लॅपटॉप परत टेबलावर आणून ठेवतात, आणि त्याच्याशेजारी कार्ड.